पापडाच्या हॉलमधले अरबी सिनेमे

ये, अशी जवळ बस बघू. म्हणशील, मावशी, मी पुण्यात, तू जळगावात, जवळ कुठून बसू? अगं, वाचताना मनानं बसायचं, त्याला काय तिकीट लागतं? पण आधी बोलणी खा. मैत्रिणीच्या लग्नाला धुळ्यापर्यंत आलीस, मांडवात फोटो काढलेस, ते आम्ही फोनवर पाहिले, आणि तशीच परत गेलीस! धुळ्याहून जळगाव काय दुसऱ्या देशात आहे? पारोळ्याला चहा प्यायचा, एरंडोलला एक डुलकी काढायची, की आलंच. तुझी वहिनी, म्हणजे माझी सून, रोज त्या रस्त्यानं धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला जाते आणि संध्याकाळी परत येऊन भाकरीही खाते. तुला एकदा जमलं नाही. बरं, जाऊ दे. आली असतीस तर हे सगळं तोंडानं सांगितलं असतं, आणि तुझ्या काकांनी मधे मधे बोलून त्याची पार वाट लावली असती. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

तुझे काका तुला काका, पण कॉलनीत सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही इथं नानाच म्हणते. गोष्ट त्यांचीच आहे आणि त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "लिही, पण मला जरा उंच लिही."

तर नाना आखातात गेले ते आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत. घरात भाऊ चार, रावेरकडे केळीचा मळा एक. एजंटानं सांगितलं, तेलाच्या कंपनीत काम आहे, साहेबासारखं राहाल. माझ्या सासऱ्यांनी ते ऐकलं आणि नाना विमानात बसायच्या आधीच भावकीत, बाजारात, रावेरच्या एसटी स्टँडवर, जो दिसेल त्याला पेढा दिला. "पोरगा तेल कंपनीत सुपरवायझर!" तिकडे उतरल्यावर नानांना कळलं, कंपनी नाही, तेल नाही, बेकरी आहे. पहाटेपासून पीठ तिंबायचं, गोळे करायचे, भट्टीत सारायचे. आता घरी काय कळवणार? पेढे तर लोकांच्या पोटात गेलेले. मग सुपरवायझरच राहिले ते. परत आले तेव्हा एक जाडजूड ब्लँकेट, एक टेपरेकॉर्डर आणि ती पदवी, एवढं घेऊन आले. सासरे शेवटपर्यंत दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमना हाऊ तेल कंपनीमा व्हता." आणि नाना मान खाली घालून आत निघून जायचे. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस.

मला खरं कळलं ते नाना परत आले त्याच उन्हाळ्यात. मी पापडाचं पीठ घेऊन बसले होते. उडदाचं पीठ किती चिवट, माहीत आहे ना तुला? की तुम्ही पाकीटच आणता? नाना बघत उभे होते. थोडा वेळ सहन केलं आणि मग म्हणाले, "सर बाजूला." दार लावलं आणि बाह्या वर करून असं पीठ तिंबलं, तेलाचा हात लावून लावून असं कुटलं, की मी बघतच राहिले. लोण्यासारखं! तेव्हापासून आमच्या घरचं पापडाचं पीठ म्हणजे नानांचं काम, दार लावून. आता पुरुषांनी पीठ कुटून दिलं तर कुणी काही म्हणत नाही. त्या काळी म्हणायचे. आणि तेल कंपनीच्या सुपरवायझरला तर म्हणालेच असते. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "अक्का, तुमच्या घरच्या पिठासारखं पीठ नाही हो." मी म्हणायची, "हो, घरचंच आहे."

बरं, अरबस्तानात राहून आले म्हणजे अरबी आलीच पाहिजे. कुणाच्या भाच्यानं तिकडून काही पाठवलं, की लोक डबा-बाटली घेऊन नानांकडे यायचे, काय लिहिलंय ते सांगा म्हणून. एकदा एका बाटलीवरचं बराच वेळ निरखून नाना म्हणाले, "औषध आहे, जपून वापरा." तो शाम्पू निघाला. तरी त्या घरातले म्हणाले, केसांचं औषधच ना ते.

आता सुनेकडे येते. तिला कुठल्याशा फिल्म मंडळाकडून अरबी सिनेमे मिळाले. नाचगाण्याचे नाहीत हो. छोटे छोटे, अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे. काही गोष्टीचे, काही खऱ्या माणसांवरचे माहितीपट. मंडळाची अट एकच: सिनेमे लोकांना एकत्र बसवून दाखवा आणि नंतर त्यावर चर्चा करा. तिनं पहिला खेळ धुळ्याला कॉलेजात लावला. मुलं आली, हजेरी झाली, मुलं गेली. शेवटी चर्चेला उरला तो हॉलला कुलूप लावायला आलेला माणूस. तिनं त्याला विचारलं, कसा वाटला सिनेमा? तो म्हणाला, "मॅडम, चांगला होता, पण मला सव्वापाचची दोंडाईचा गाडी पकडायची आहे."

घरी आली ती तोंड एवढंसं करून. म्हणाली, "आई, आपल्या कॉलनीत लावू?" आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये देवळाशेजारी हॉल आहे, तो तू पाहिलास. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे आबा. सरकारी ऑफिसातून निवृत्त झाले, पण ऑफिस त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. आबा म्हणाले, "हॉल नाही मिळणार. पापडाचे दिवस आहेत."

ते खरंच होतं. चैत्र लागला की आमच्या कॉलनीत पाळ्या लागतात. आज हिचे पापड, उद्या तिचे. ज्या घरची पाळी असेल तिनं पीठ आणायचं, आणि बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हॉलमध्ये यायचं. दुपारी सगळ्या खिडक्या बंद, पंखे बंद. वारा लागला की लाट्या वाळतात, कडा चिरतात. जळगावचा उन्हाळा, आणि आम्ही बंद हॉलमध्ये पदर ओला करून पापड लाटतोय. परका माणूस बघेल तर म्हणेल, ह्या बायकांनी कुठला गुन्हा केलाय?

रविवारी सून मला न्यायला आली, तिनं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली. मी म्हटलं, "अगं दार लाव, वारा येतोय!" ती म्हणाली, "आई, केवढा अंधार आहे इथं! आणि माणसंही आहेत!"

झालं. दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवर चादर लागली, सुनेनं लॅपटॉप-प्रोजेक्टर ठेवला. सिनेमाला अंधार पाहिजे, पापडाला अंधार चालतो. दारापाशी एक दिवा लावला, पोळपाट दिसेल इतपत. आबांना नाही म्हणायला जागाच राहिली नाही, कारण त्यांच्याच बायकोनं सगळ्यात पुढची सतरंजी धरली होती.

पण एक अडचण आली. सिनेमा अरबीत, खाली अक्षरं इंग्रजीत. आणि इंग्रजी येतही असतं तरी वाचायचं कसं? नजर पोळपाटावर! वर बघितलं की पापड वाकडा. बायका म्हणाल्या, आम्हाला कुणीतरी सांगा काय चाललंय ते, आम्ही कानानं बघू. सून तर दुपारी धुळ्याला. मग कुणाचं नाव निघणार? "नाना शेतस ना! नानास्ले बठ्ठी अरबी येस!" सगळी अरबी येते म्हणे!

नानांना सांगायला गेले तेव्हा त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होतास. नाही म्हणावं तर तीस-पस्तीस वर्षांचा सुपरवायझर कोसळतो. हो म्हणावं तर... मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला पीठ, पाणी, मीठ, भट्टी, जळलं आणि लवकर उचल, एवढंच येतं."

मी म्हटलं, "मग सांगा पोट दुखतंय म्हणून."

तेवढ्यात बाहेरून आबांचा आवाज आला, "काय नाना, विसरले वाटतं अरबी?"

नाना उठले, डोक्यावर टोपी घातली आणि निघाले.

पहिला सिनेमा होता एका म्हाताऱ्याचा. दगडाचं घर, दारात जुनी जैतुनाची झाडं. माणसं येतात, कागद पुढं करतात, म्हातारा मान हलवतो. नानांनी लॅपटॉपचा आवाज बारीक केला, भजनी मंडळाचा माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि आपल्या खान्देशीतच सुरुवात केली.

"हाऊ म्हातारा आपला पारोळाकडला समजा. याना पुतणीनं लगीन शे. आनि याले पत्रिका दिन्ही नही!"

"अरे देवा!" सगळ्या हॉलमधून आवाज.

"आते दखा, त्या लोक पत्रिका ली येल शेतस. पन म्हातारा म्हनस, आते नको. आधी का बरं दिन्ही नही?"

"बराबर शे त्यानं!" आबांच्या बायकोनं लाटणं आपटलं. "मान नको का माणसाला?"

मग भिंतीवर मोठमोठी पिवळी मशीनं आली, जमीन उकरायला लागली. कोणीतरी विचारलं, "नाना, हाई मशीन काय करी राहिनं?"

नानांनी टोपी सारखी केली. मला वाटलं, संपलं आता. पण नाना म्हणाले, "मांडव टाकाले जागा साफ करी राहिनात. मोठं लगीन शे!"

काय सांगू तुला, त्या दिवशी पापड असे पातळ निघाले की त्यातून पेपर वाचावा. बायकांना राग आला की लाटणं जोरात फिरतं. दुसऱ्या दिवशी बाजूच्या गल्लीतल्याही आल्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची राखण करणाऱ्या एका बाईचा सिनेमा होता, नानांनी तिला सासूच्या तावडीतून पळून गच्चीत लपलेली सून करून टाकली. समुद्राकाठी रेडिओ दुरुस्त करणारा एक एकटा माणूस होता, तो नानांच्या तोंडून अमळनेरहून रुसून आलेला जावई झाला. नाना रंगात आले. घरी आले की गरम पाण्यानं गुळण्या करायचे, आवाज जपायला. कॉलनीत त्यांना 'अरबी नाना' म्हणायला लागले, आणि आबा रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर उगाचच जोरात पेपर वाचायला लागले.

शनिवारी सुनेला सुट्टी. ती चर्चा घ्यायला आली. वहीबिही काढून, नीट बसून तिनं विचारलं, "त्या आजोबांनी शेवटपर्यंत नाहीच म्हटलं. तुम्हाला काय वाटतं, त्यांनी जायला हवं होतं का?"

आबांची बायको म्हणाली, "कशाला जायचं? आदल्या दिवशी आणून देतात का पत्रिका?"

दुसरी म्हणाली, "मी म्हणते, अक्षता टाकून यायचं. जेवायचं नाही. पोरीचा काय दोष त्यात?"

सून म्हणाली, "कुठल्या अक्षता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लाटीकडे पाहिलं. नाना बंद पंख्याकडे बघत होते, जणू तो आत्ता सुरू होईल.

घरी आल्यावर ती म्हणाली, "नाना, तो माहितीपट रस्त्यासाठी त्या आजोबांचं घर पाडतात त्याच्यावर आहे."

नाना म्हणाले, "मग मशीनं कशाला होती ते तरी मी बरोबर सांगितलं. जागा साफ करायला."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला वाटलं, नानांना सगळं कळतं आणि बायकांना रमवायला ते मुद्दाम गंमत करतात. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि म्हणाली, "नाना, पण पुढच्या शनिवारी जरा सांभाळून हं. धुळ्याहून एक पाहुणी येणार आहे. येमेनची मुलगी आहे, आमच्या शेजारच्या कॉलेजात फार्मसी शिकते. मी तिला सांगितलं, माझे सासरे अरबी बोलतात. इतकी खूश झाली! म्हणाली, इथं आल्यापासून फोन सोडला तर कुणाशी समोर बसून आपल्या भाषेत बोललेच नाही मी."

नानांच्या हातातला चहा तसाच राहिला.

तो सगळा आठवडा आमच्या घरात सुतक असल्यासारखा गेला. नाना सिनेमाला जायचे, बोलायचे, पण त्यात राम नव्हता. एक दिवस तर सासू-सुनेचं भांडणच न लावता सिनेमा संपवला. मी म्हटलं, "अहो, एवढं काय त्यात? पीठ मळलं तुम्ही, दरोडा नाही घातला. तिच्याशी दोन शब्द बोला की."

म्हणाले, "तुला कळत नाही. माझी अरबी पिठाची आहे. मी तोंड उघडलं की तिला कळणार मी कुठं होतो. आणि तिला कळलं की आबाला कळणार."

"कळू दे."

"माझ्या बापानं पेढे वाटलेत," नाना म्हणाले आणि पानावरून उठले.

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. ज्याची त्याची दुखरी जागा असते. त्यांना स्वतःची लाज नव्हती वाटत, वडील खोटे पडतील याची वाटत होती. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दारात बसून सांगणारे ते म्हातारे नानांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

शुक्रवारी नानांनी पिशवी भरली. म्हणाले, "दोंडाईचाला जाऊन येतो. ताईची तब्येत बरी नाही." पिशवीचा बंद बांधतात न बांधतात तोच फोन वाजला. ताईच, म्हणजे माझी नणंद! तिचा आवाज तर तुला माहीत आहे, दोंडाईचाहून फोनशिवायही ऐकू येईल. "काय रे, माझ्या वाटेचे पापड ठेवले का? आणि ऐक, मी नातवंडांना घेऊन शिर्डीला चाललेय, उगाच इकडे येऊ नकोस!" नानांनी पिशवी पुन्हा खुंटीला लावली.

आता शनिवारची मजा ऐक. त्या दिवशी पाळी आमची होती. म्हणजे पीठ आमच्या घरचं. आणि सकाळी नाना पांघरूण घेऊन पडलेले. म्हणे अंगात कणकण आहे. एवढ्या उन्हाळ्यात तेच जुनं ब्लँकेट! मी हाक मारली, उठले नाहीत. मग काय करणार, मीच पीठ भिजवलं. इतक्या वर्षांत हात लावला नव्हता त्याला. पाणी कमी पडलं म्हणून घातलं, जास्त झालं म्हणून पीठ घातलं, कुटायला बसले तर दोन घावांत खांदा गेला. जसं झालं तसं डब्यात भरलं आणि हॉलवर नेलं.

पाहुणी आली. गोरीशी नाही, सावळीशीच, डोक्याला निळा रुमाल, डोळे मात्र सगळं टिपणारे. सून तिला म्हणाली, खुर्ची देते. ती म्हणाली, नाही, नीचे. आणि बायकांत येऊन मांडी घालून बसली. हिंदी बोलायची, होस्टेलच्या मेसमध्ये शिकलेली, त्यामुळे तिच्या हिंदीत भाजीची नावं जास्त. आबांच्या बायकोनं तिला तेलात बुडवलेली लाटी दिली. खाल्ली, डोळे मोठे केले आणि दुसरीसाठी हात पुढं केला. तिथंच ती आमची झाली.

आणि आबा! एरवी पापडाच्या हॉलकडे न फिरकणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. "नाना कुठं आहेत? आज तर त्यांच्या अरबीची परीक्षा!" हे त्यांनी इतक्या गोड आवाजात म्हटलं की त्यावर मुंग्या लागाव्यात. दोन माणसं पाठवून त्यांनी नानांना बोलावून आणलं. नाना आले. ब्लँकेट तेवढं घरी ठेवलं होतं.

सिनेमा सुरू झाला. नानांच्या हातात माईक, तोंड बंद. भिंतीवर कुणी काय काय बोलतंय.

आबा म्हणाले, "आज मौन का?"

"घसा बसलाय," नाना कुजबुजले. पण माईक तोंडापाशी असल्यामुळे ते हॉलभर घुमलं.

आणि इकडे माझ्या पिठानं रंग दाखवायला सुरुवात केली. पापड लाटायला घेतला की कडा चिरायच्या. एकीचा चिरला, दुसरीचा चिरला. "अक्का, आज तुमच्या पिठाला काय झालं?" "खिडकी उघडी राहिली का कुठली?" "नाही गं, पीठच तसं आहे." मी म्हटलं, "उन्हाळा जास्त आहे." तर एकजण म्हणते, "जळगावात कधी कमी होता?"

पाहुणीनं एक गोळा हातात घेतला. दाबला, अंगठ्यानं ताणला, नाक मुरडलं आणि आपल्याच तंद्रीत काहीतरी म्हणाली, अरबीत. त्यातला 'अजीन' एवढाच शब्द मला ऐकू आला. अजीन म्हणजे पीठ, मळलेलं. आमच्या लावलेल्या दारामागं तो शब्द मी कितीदा ऐकलाय.

नानांनीही ऐकला. मी त्यांच्याकडे बघत होते. आधी त्यांची बोटं हलली. मग मान हलली, अशी जोरात, की नाही नाही, पाणी कमी नाही, कुटलंच नाहीये! आणि तोंडातून धबधबा सुटला. अरबी! खरीखुरी, खळखळून वाहणारी अरबी! माईक बाजूला टाकला, सतरंज्या ओलांडत आले, माझ्यापुढचा पिठाचा डबा ओढला, बाह्या वर केल्या, आणि तिला समजावत समजावत पीठ तिंबायला लागले. ती काहीतरी विचारते, हे उत्तर देतात. ही हसते, हे आणखी जोरात. तेलाचा हात, वरवंट्याचे घाव, "शुवै शुवै" म्हणजे हळूहळू, असं म्हणत गोळा फिरवला, आणि बघता बघता ते चिरकं पीठ रेशमासारखं.

मग आबांच्या बायकोनं आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघा! म्हणत होता ना, नानाला येत नाही अरबी? येती का नाही?"

आबांचा चेहरा उतरला. मला तर वाटलं, वाचलो. देव पावला.

तेवढ्यात पाहुणी टाळी वाजवून, मोठ्या आनंदानं, सगळ्या हॉलला सांगते, "नानाजी तो बिलकुल हमारे गली का बेकरीवाला जैसा बोलते हैं!"

आबांचा चेहरा परत वर आला. असा हळूहळू, पुरी फुगते तसा.

"बेकरीवाला?" आबा म्हणाले. "नाना, तुम्ही तर तेल कंपनीत होते ना?"

नानांचे हात कोपरापर्यंत पिठात. नानांनी वर बघितलं. माझ्याकडे, मग सगळ्यांकडे. भिंतीवर तो सिनेमा बिचारा एकटाच चालला होता. मग नानांनी समोरच्या वाटीतलं तेल उचललं, पिठावर ओतलं आणि म्हणाले, "तेल बी लागस ना त्यामा, आबा."

आधी आबांची बायकोच हसली. मग सगळा हॉल. काय ते हसणं! लाट्या घरंगळल्या, एकीचा पापड हसता हसता चौकोनी झाला. आणि ते ओसरतं न ओसरतं तोच मागून कुणीतरी म्हणालं, "थांबा थांबा. म्हणजे अक्काच्या घरचं पीठ, इतकी वर्षं..."

सगळ्यांची नजर नानांच्या हातांवर. नाना म्हणाले, "आमचे बाबा सांगायचे ते खरं समजून सांगायचे हो. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं." एवढंच म्हणाले आणि पुन्हा कुटायला लागले. दारातले आबा आत येऊन सतरंजीवर टेकले. आबा तेव्हा रावेरच्या ऑफिसात होते, तेही सासऱ्यांचे पेढे खाल्लेल्यांतलेच. मग आबाच म्हणाले, "पेढे मात्र चांगले होते." बस्स.

मग नानांनी त्या दुपारी खरी गोष्ट सांगितली. माईकशिवाय. भट्टीनं पहिल्याच दिवशी भुवया कशा जाळल्या, मालक नुसत्या शिट्टीवर कसा राग सांगायचा, विजापूरचा एक आणि केरळचा एक असे दोन सोबती कसे होते, आणि तिघांना मिळून एकच भाषा यायची, पिठाची. पाहुणी मधे मधे शब्द पुरवत होती. बायका ऐकता ऐकता लाटत होत्या. त्या दिवशीचा सिनेमा कोणता होता, ते विचारशील तर आजही कुणाला सांगता यायचं नाही. सून म्हणाली, मंडळाला आता काय सांगू, चर्चा झाली, पण भलत्याच सिनेमावर.

पुढं काय झालं म्हणतेस? नानांचा माईक गेला. म्हणजे बायकांनीच काढून घेतला. म्हणाल्या, "तुम्ही पीठ बघा." आता पाळी कुणाचीही असो, सकाळी पिठाचा डबा आमच्या अंगणात येतो, आणि नाना चारचौघांत, ओट्यावर बसून, कुटतात. आबांच्या बायकोनं आबांनाही आणून बसवलं शेजारी. "शिका जरा, घरात बसून पेपरच फाडता." आबा एक घाव घालतात आणि नानांना विचारतात, झालं का? नाना त्यांना अरबीत रागावतात. पाहुणी आता दर शनिवारी येते; काय रागावतात ते ती सांगत नाही, फक्त हसते.

शनिवारी सून आता खालची अक्षरं वाचून, खरी गोष्ट मराठीत सांगते. त्या म्हाताऱ्याचा सिनेमा पुन्हा लावला. घर रस्त्यात जातंय म्हटल्यावर हॉलमध्ये लाटणं फिरायचं थांबलं. आमच्या हायवेचं रुंदीकरण झालं तेव्हा दोघी-तिघींच्या माहेरची घरं गेलीत. त्यांनी सांगितलं, त्यावर चर्चा झाली, सुनेची वही भरली. शेवटी आबांची बायको नानांवर डाफरली, "एवढी चांगली गोष्ट, आणि तुम्ही त्यात लग्न घुसवलं!" आणि जरा वेळानं हळूच विचारलं, "पण त्या पुतणीचं पुढं काय झालं हो?"

नानांनी ते पुढचं अजून सांगितलेलं नाही. म्हणतात, कोणी बाहेरचं माणूस ऐकायला आल्याशिवाय मजा नाही.

तर बाई, ते बाहेरचं माणूस तू हो. पाहुणीच्या होस्टेलला सुट्टी लागली की ती इथंच येणार आहे, तुझ्या नेहमीच्या खोलीत झोपेल, पण तुला गच्चीवर खाट टाकून देते, वाराही लागेल. धुळ्यापर्यंत कुठल्याही गाडीनं ये, तिथून सुनेबरोबर बसमध्ये चढ. काही आणू नकोस, नुसती ये. अगदी येत्या पंधरवड्यातच ये बघ.